निकम आप्पांच्या पायाचा अहवाल

उल्का महाडिकने आपली गाडी आयुष्यात एकदाच कुणाला दिली, आणि ज्याला दिली त्याच्याइतका भरवशाचा माणूस पाटण तालुक्यात शोधून सापडला नसता. भगवान निकम, म्हणजे शेजारचे निकम आप्पा. एकतीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर, सगळी पाटण-चिपळूण मार्गावर, आणि कुंभार्ली घाटात इतकी वर्षं बस चढवून-उतरवून गाडीला साधा ओरखडा नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला बिल्ला त्यांनी भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी लावला होता, आणि फुलं दोघांनाही वाहायचे.

गाडी मागायला आले तेव्हा आप्पा उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते. त्यांची मुलगी मोहिनी पहिल्या बाळंतपणासाठी चिपळूणहून माहेरी यायची होती. आधी सामान, मग मुलगी, अशा दोन खेपा होणार होत्या.

"भाड्याची गाडी करीन म्हन्लं व्हतं," आप्पा म्हणाले, "पन पोरगी म्हंते, आप्पा, तुमीच चालवा. दुसऱ्याच्या हातात तिला भ्या वाटतं."

उल्काने नाही म्हणणं शक्यच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी तिने केकचा धंदा सुरू केला तेव्हा तिच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. चिपळूणच्या ऑर्डरी आप्पांच्या बसमधून जायच्या. पुढच्या सीटवर केकचा खोका, त्याला आप्पांच्या गळ्यातला रुमाल बांधलेला. आणि हा भला माणूस कंडक्टरकडून त्या खोक्याचं रीतसर लगेज तिकीट फाडून घ्यायचा. "ओळखीचा केक हाय म्हून फुकट न्यायचा व्हय?" असं वर विचारायचा. तिकिटाचे पैसे उल्काला द्यावे लागायचे, ही गोष्ट वेगळी.

गाडी चार दिवस आप्पांकडे राहिली. परत आली ती धुऊन, पुसून, शंभर टक्के चार्ज करून. सीटवर मोहिनीच्या सासरकडून आलेली आमसुलांची पुडी होती. उल्काला वाटलं, गाडी द्यावी तर अशा माणसाला.

आता इथे थोडं गाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढे जे झालं ते कळायचं नाही. जुन्या गाड्यांत ब्रेकचं पेडल दाबलं की नळीतलं तेल थेट चाकापर्यंत जोर पोचवायचं. उल्काच्या गाडीत पेडल आणि चाक यांच्यामध्ये एक संगणक बसलेला होता. पेडल फक्त पाय किती जोरात आणि किती झटक्यात पडला एवढं मोजायचं, आणि काय करायचं ते संगणक ठरवायचा. कारण माणसाचा पाय मोठा बेभरवशाचा. कुणी सवयीने पेडलवर पाय टेकवून बसतो, कुणाचा पाय खड्ड्यात गाडी आपटली की आपोआप दाबला जातो. अशा फुकटच्या दाबांनी गाडी अडखळते आणि मागची गाडी येऊन धडकते. म्हणून सात वर्षांपूर्वी पाय शिकणारे ब्रेक आले. चालवणाऱ्याचा कोणता दाब मनापासूनचा आणि कोणता उगाचचा, हे गाडी तीन-चार दिवसांत शिकून घ्यायची आणि उगाचच्या दाबाकडे कानाडोळा करायची.

कायदा करणारे अगदीच दूधखुळे नव्हते. पेडल अर्ध्याच्या खाली गेलं की संगणकाला न विचारता ब्रेक लागलाच पाहिजे, असं त्यांनी घालून दिलं होतं. म्हणजे शहाणपणा चालायचा तो फक्त हलक्या दाबाच्या बाबतीत.

आणि उल्काचे सगळे दाब हलकेच असायचे. मागे तीन मजली केक असला की माणूस असंच चालवायला शिकतो.

त्या रविवारी तिला चिपळूणच्या एका डॉक्टरांच्या साठीसमारंभाचा केक पोचवायचा होता. तीन मजले, पांढरं क्रीम, वर साखरेच्या पाकळ्यांची मोगऱ्याची वेणी. सकाळी नऊला ती घाटमाथ्यावरून उतरायला लागली. एरवी उतारावर गाडीची मोटारच उलटी फिरून वीज तयार करते आणि त्या ओढीने गाडी आपोआप आवरली जाते. पण आप्पांनी बॅटरी काठोकाठ भरून दिली होती. तयार झालेली वीज ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे ती ओढही नव्हती.

पहिल्या मोठ्या वळणाआधी उल्काने ब्रेकवर हलका पाय ठेवला. गाडी तशीच चालली. तिने पाय उचलून पुन्हा ठेवला, तसाच हलका. पडद्यावर वेगाचा आकडा अठ्ठेचाळीसवरून त्रेपन्नवर गेला. तिसऱ्यांदा तिने अगदी लाडीगोडी लावावी तसा पाय दाबला, आणि आकडा अठ्ठावन्न झाला. पुढे वाघजाईचं वळण दिसायला लागलं. डाव्या हाताला डोंगराच्या पोटात देवीचं छोटं देऊळ, उजव्या हाताला कमरेएवढा कठडा आणि कठड्यापलीकडे नुसतं आकाश.

त्या दोन क्षणांत उल्काच्या मनात स्वतःची मुलगी आली, दुबईतला नवरा आला, आणि कबूल करायला लाज वाटली तरी मोगऱ्याची वेणीही आली. इतक्या वर्षांत तिने ब्रेकवर पाय आपटला नव्हता. कसा आपटतात तेच पाय विसरला होता. मग तिने डोळे मिटले, जे घाटात कुणीही करू नये, आणि दोन्ही पाय एकदम पेडलवर मारले.

गाडी किंचाळत थांबली. कठडा हातभर अंतरावर होता. केकचा सगळ्यात वरचा मजला पुढे येऊन उल्काच्या मानेवर बसला आणि मधला मजला दोन सीटांच्या मध्ये अडकला. खालचा मजला मात्र जागचा हलला नव्हता. तोच घेऊन ती पुढे गेली, बैलगाडीच्या वेगाने. डॉक्टर केक बघून म्हणाले की एवढ्या वयात एकच मजला बरा, चढउतार नको. सगळे हसले. उल्काही हसली, आणि मग मोरीत जाऊन मानेवरचं क्रीम धुता धुता पाच मिनिटं रडली.

परत यायला गाडीत बसली तर पडद्यावर अहवाल येऊन थांबला होता.

'ब्रेकने हलका दाब नाकारला. कारण: मागील चार दिवसांत दुसऱ्या चालकाने हेतूहीन दाब अडुसष्ट वेळा दिला. त्यावरून हलका दाब दुर्लक्षणीय असल्याचे शिकले गेले. जबाबदार पाय निश्चित करा.'

खाली तीन पर्याय होते. पहिला, जबाबदार पाय दुसऱ्या चालकाचा. तो निवडला की निकम आप्पांच्या पायाचा ठसा देशभरच्या यादीत जाणार, आणि मग ते कुठल्याही गाडीत चालकाच्या जागी बसले तरी ती गाडी जागची हलणार नाही. कायमची. दुसरा, जबाबदार पाय मालकाचा. म्हणजे उल्काचा पाय त्याच यादीत आणि केकचा धंदा बंद. तिसरा, तपासणी मागवा, आणि तपासनीस जो निकाल देईल तो अखेरचा. मुदत तीन दिवस.

खरं सांगायचं तर त्या घटकेला उल्काचं बोट पहिल्या पर्यायावर गेलं होतं. अडुसष्ट वेळा. एवढा मोठा ड्रायव्हर आणि ब्रेकवर पाय टेकवून बसतो. हातभर अंतराने आपली पोर पोरकी झाली असती. ती धुमसतच पाटणला पोचली आणि घरी न जाता थेट आप्पांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

आप्पा खाटेवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलले, "तुला लागलं न्हाय न्हवं?" ती नाही म्हणाली तेव्हा हातातली शेंग ताटलीत टाकली. मग अहवाल ऐकला आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"दाब माजं नाव," ते म्हणाले.

"आप्पा, त्याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? परत कधी गाडी चालवता येणार नाही."

"कळतोय. तुज्या जिवावर बेतलं व्हतं पोरी माज्यापायी. मग माजा पाय घ्यायचा का तुजा, ह्यात इचार काय करायचाय?"

दारात मोहिनी उभी होती, नववा महिना लागलेली, पोटावर हात ठेवून. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बापाला रडताना तिने याआधी पाहिलं नसावं, कारण तिने झटकन मान फिरवली. उल्काचा सगळा राग तिथेच अंगणात गळून पडला. तिने तिसरा पर्याय दाबला.

रात्री तपासणीचे नियम वाचताना तिला एक फट सापडली. तपासनीस शेवटी एकच प्रश्न विचारणार होता: हलका दाब देताना गाडी थांबवण्याचा हेतू होता का? नव्हता, असं उत्तर आलं तर दाब हेतूहीन आणि दोष पायाचा. होता, असं आलं आणि इतर गोष्टी त्याच्याशी जुळल्या, तर गाडीने चुकीचा अर्थ लावला आणि दोष यंत्राचा. मग दोन्ही पाय सुटणार होते. सकाळी उठल्या उठल्या ती आप्पांकडे धावली.

"फक्त होता म्हणायचं. एक शब्द."

"पन नव्हता की. मला गाडी थांबवायचीच नव्हती."

"मग पाय का लावत होता?"

"ती सवय हाय," आप्पा म्हणाले आणि ओशाळले. "ते जाऊ दे. खोटं न्हाय सांगायचं मी. एकतीस वर्सं लॉगशीटवर खोटा टाइम लिव्हला न्हाय."

उल्काने हात जोडले, रागावली, मोहिनीची शपथ घातली. ज्या माणसाने केकचं तिकीट फाडलं त्याला खोटं बोलायला लावणं सोपं नव्हतं. ती चडफडत घरी गेली.

तपासनीस म्हणून आली ती तहसीन मुजावर, सांगलीची, वय असेल सव्वीस-सत्तावीस. आल्याबरोबर तिने गाडीची आठवण पुसून ब्रेक पहिल्यासारखे केले, स्वतः चालकाच्या जागी बसली, आप्पांना शेजारी बसवलं आणि उल्काला मागे. पडद्यावर घाटाचा नकाशा होता आणि त्यावर अडुसष्ट लाल ठिपके.

"एक गंमत आहे," तहसीन म्हणाली. "पाय टेकवून बसण्याची सवय असती तर ठिपके रस्ताभर पसरले असते. हे सगळे सतरा जागी आहेत. प्रत्येक जागी चार. दोनदा जाताना, दोनदा येताना."

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

गाडी घाटात शिरली. पहिल्या वळणावर पिंपळाखाली म्हसोबाचा शेंदरी दगड होता. तो आला तशी आप्पांची चप्पल खालच्या रबरी चटईवर हळूच दाबली गेली. पुढे दत्ताची घुमटी आली, चप्पल पुन्हा दाबली गेली. तिसरा मारुती आला तेव्हा तहसीनने वेग कमी केला.

"काका, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."

आप्पांचे कान लाल झाले. "ती सवय हाय," ते पुटपुटले.

उल्काने नकाशाकडे पाहिलं, मग मागे सरलेल्या मारुतीकडे, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हसोबा, दत्त, मारुती. घाटातली सतरा देवस्थानं. एस.टी.चा ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून हात जोडू शकत नाही, म्हणून आप्पा ब्रेकला नुसता पाय लावायचे, दोनदा बारीक हॉर्न द्यायचे आणि पुढे जायचे; बसने चिपळूणला जाताना तो हॉर्न तिनेही ऐकला होता. तोच त्यांचा नमस्कार. आणि गाडी बिचारी चार दिवस सोबत राहून एवढंच शिकली होती, की हलका पाय लागला म्हणजे देव आला, थांबायचं काही काम नाही. रविवारी उल्का जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत होती आणि गाडी नमस्कार करत चालली होती.

ती हसायला लागली ती थांबेना. हसत हसतच तिने सगळं तहसीनला सांगितलं. तहसीनही हसली, पण लगेच गंभीर झाली.

"मला आवडलं हे. पण सुटका नाही होत. नमस्कार म्हणजे थांबायचा हेतू नव्हता. नियमाच्या भाषेत तो हेतूहीनच. मी शेवटी प्रश्न विचारणार, तेव्हा विचार करून उत्तर द्या, काका. एकदाच नोंदवता येतं."

"इचार काय करायचा," आप्पा म्हणाले. "जे हाय ते हाय."

वाघजाईच्या वळणावर तहसीनला टायरच्या खुणा मोजायच्या होत्या. गाडी कडेला लावून ती टेप घेऊन उतरली. उल्का कठड्याजवळ गेली, खाली डोकावली आणि मागे आली. आप्पा गाडीपाशीच उभे होते. देऊळ दहा पावलांवर होतं. पत्र्याची पडवी, दोन घंटा, आणि पायरीवर फुलांची परडी घेऊन बसलेली एक गुरवीण, सत्तरीच्या पुढची.

"गाडी बिघडली का काय?" तिने विचारलं.

"न्हाय, मोजमाप चाललंय," आप्पा म्हणाले. आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून पुढे म्हणाले, "मी हितनंच जायचो रोज. पाटन-चिपळून गाडीवर व्हतो."

म्हातारीने डोळे बारीक केले. "सकाळची सव्वाआठची?"

"व्हय."

"दोनदा हारन वाजवायचा? बारीक?"

आप्पांनी मान हलवली. म्हातारी परडी बाजूला ठेवून गुडघ्यावर हात देत उठली आणि जवळ येऊन त्यांचं तोंड निरखून बघायला लागली.

"तुजा हारन आला की मी दिवा लावायची," ती म्हणाली. "घड्याळ न्हाय माज्याकडं. लेकाला म्हनायची, येवडा मोठा डायवर, पन देवीला रोज इचारून जातो बग. दोन वर्सं झाली, यष्टीचा तो हारन आला न्हाय. मला वाटलं, गेला बिचारा. मी तुज्या नावानं नारळ फोडला रं बाबा देवीम्होरं."

"रिटायर झालो," आप्पा म्हणाले.

"आन एकदाबी आत आला न्हाईस?"

आप्पांनी देवळाकडे पाहिलं. मग चपला काढल्या, पायऱ्या चढले आणि वाकून आत गेले. घंटा एकदाच वाजली. उल्काने वाट पाहिली, तहसीनची मोजणी संपली, दोन ट्रक घाट चढून गेले, तरी आप्पा बाहेर येईनात. अखेर आले तेव्हा कपाळाला मळवट होता आणि डोळे ओले होते. ते त्यांनी लपवले नाहीत.

"लई मोठे डोळे हायत देवीचे," ते उल्काला म्हणाले. "चांदीचे. मला ठावंच नव्हतं. एकतीस वर्सं हितनं गेलो आन तोंड न्हाय बघितलं कंदी."

मग ते तहसीनपाशी गेले. "तुजा तो सवाल इचार आत्ताच."

"घाट उतरल्यावर विचारायचाय, काका."

"आत्ता इचार, पोरी."

तहसीनने हातातल्या टॅबवर फॉर्म उघडला आणि नोंदवायचं बटण दाबलं. आप्पा खोटं बोलताना कसे दिसतात हे उल्काला ठाऊक नव्हतं, कारण ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

"भगवान निकम, हलका दाब देताना गाडी थांबवण्याचा तुमचा हेतू होता का?"

"होता," आप्पा म्हणाले. "रोज होता. पन्नास मानसं मागं बसल्याली, कुनाचं कोर्ट, कुनाचा दवाखाना. टायमात बसत न्हवतं. म्हून नुसता पाय लावायचा आन जायाचं. थांबायचंच व्हतं मला. मलाच कळलं न्हवतं आजपातुर."

तहसीनने मान वर केली. "पण ते चार दिवस तर गाडीला वेळापत्रक नव्हतं. थांबू शकला असता."

"मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "पन रिटायर झालो ते मी. पायाला कुनी सांगितलं न्हाय अजून."

तहसीनने नकाशावरच्या ठिपक्यांकडे एकदा पाहिलं. मग आप्पांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. आप्पा आणि उल्का दोघांनाही दिसेल असा पडदा धरून तिने लिहिलं: 'थांबण्याचा हेतू होता. सतरा जागी, दर वेळी. यंत्राला कळला नाही.' खाली सही केली, आणि चालकाची जागा आप्पांसाठी रिकामी ठेवून ती मागच्या सीटवर जाऊन बसली.